अल्बेनियाची फाइल कशी वाचावी

२१ सप्टेंबर १९४६ ला लंडनच्या नौदल मुख्यालयातून भूमध्य समुद्रातल्या आरमाराच्या सरसेनापतीला एक तार गेली. मजकूर जेमतेम चार ओळींचा. अल्बेनियाशी राजनैतिक संबंध जोडावेत का, याचा सरकार पुन्हा विचार करत आहे. अल्बेनियाचं सरकार आता नीट वागायला शिकलं आहे का, हे सरकारला जाणून घ्यायचं आहे. ऑगस्टनंतर तुमची जहाजं उत्तर कॉर्फूच्या सामुद्रधुनीतून गेली का, नसतील तर लवकर जाणार आहेत का?

कुठंही 'जा' म्हटलेलं नाही. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: अजून गेलेली नाहीत, पण २२ ऑक्टोबरला कॉर्फू या ग्रीक बेटावरून निघताना जातील. ठरल्याप्रमाणे मॉरिशस आणि लिअँडर या दोन क्रूझर आणि सौमारेझ, व्होलाज या दोन विनाशिका निघाल्या. अल्बेनियाच्या किनाऱ्यावरच्या सारांदाच्या उपसागराबाहेर सौमारेझ सुरुंगावर आदळली. तिला ओढून न्यायला व्होलाज आली, तर तिच्याखालीही सुरुंग फुटला. ४४ माणसं गेली, ४२ जखमी झाली. त्यानंतर जवळजवळ ४५ वर्षं ब्रिटन आणि अल्बेनिया यांच्यात राजनैतिक संबंधच नव्हते.

ही तार मी पहिल्यांदा वाचली ती मिरजेत, घरच्या जेवणाच्या टेबलावर. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या ९ एप्रिल १९४९ च्या निकालपत्रातच ती आहे आणि ते संकेतस्थळावर फुकट मिळतं. ज्यांना आंतरराष्ट्रीय संबंधांच्या इतिहासात एम.ए.चा प्रबंध किंवा पीएच.डी. करायची आहे आणि 'लहान देशावर विषय घेऊ का, साधनं मिळतील का' अशी धास्ती वाटते, त्यांच्यासाठी हे लिहितेय. साधनं मिळतात. आपण सुरुवात मात्र चुकीच्या टोकापासून करतो. मीही केली होती.

मी सुरुवात केली आठवणींपासून. दुसऱ्या महायुद्धात एसओई ही ब्रिटिशांची घातपाती कारवाया करणारी गुप्त संघटना होती. तिचे अधिकारी बिल मॅक्लीन आणि डेव्हिड स्मायली एप्रिल १९४३ मध्ये ग्रीसच्या बाजूनं अल्बेनियात शिरले. पुढच्या वर्षी ते दोघं आणि जूलियन एमरी उत्तरेकडच्या, राजा झोगशी निष्ठा ठेवणाऱ्या अबाझ कुपीकडं गेले. या मंडळींनी नंतर लिहिलेलं सगळं झपाटून टाकणारं आहे. त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसते: एसओईच्या कैरो आणि (इटलीतल्या) बारीच्या कचेऱ्यांत बसलेल्या डाव्या अधिकाऱ्यांनी देश कम्युनिस्ट नेता एन्व्हर होजाच्या घशात घातला. माझ्या पहिल्या प्रकरणाचा कच्चा खर्डा म्हणजे याच गोष्टीचं मराठी रूप होतं. मार्गदर्शकांनी तो वाचून समासात एकच शब्द लिहिला, 'पुरावा?', आणि परत दिला.

पुरावा शोधायला गेले तेव्हा गोष्ट बरीच कोरडी निघाली. कैरोच्या कचेरीत जेम्स क्लगमन नावाचा कम्युनिस्ट होता हे खरं, पण तो युगोस्लाव विभागात. अल्बेनियात ब्रिटिशांची कसोटी सोपी होती: जर्मनांशी आज कोण लढतंय? होजाचे पार्टिझन, म्हणजे गनिमी सैनिक, लढत होते. बाली कोंबतार या राष्ट्रवादी संघटनेचे बरेच गट जर्मनांशी जुळवून घेऊन होते आणि कुपी योग्य वेळेची वाट बघत होता. हत्यारं लढणाऱ्याला गेली. नोव्हेंबर १९४४ मध्ये राजधानी तिराना मोकळं झालं तेव्हा सत्ता ज्याच्या हातात बंदूक होती त्याच्याकडं गेली. कटकारस्थान बहुतेक वेळा वाचायला छान आणि सिद्ध करायला अवघड असतं.

आता वाचनाची रीत. माझे वडील, आण्णा, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. खर्डा परत आला त्या संध्याकाळी मी रडकुंडीला आले होते. ते म्हणाले, "तू अर्ज वाचतेयस. शेरा वाच. अर्जात माणूस काय वाटेल ते लिहितो. साहेबानं काय शेरा मारला आणि त्याच्या आधी कारकुनानं काय टिपणी ठेवली, त्यात खरी गोष्ट असते."

हे ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या कागदांना शब्दशः लागू पडतं. लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात एफओ ३७१ या मालिकेत ते आहेत. अल्बेनिया 'सदर्न डिपार्टमेंट'कडं होता. बाहेरून आलेल्या प्रत्येक तारेला एक वेष्टन असतं आणि त्यावर टिपण्या: सगळ्यांत कनिष्ठ माणूस पानभर लिहितो, वरचा दोन ओळी, त्याच्या वरचा नुसती आद्याक्षरं आणि तारीख. पाठवलेल्या पत्रात 'महामहिमांच्या सरकारला खेद वाटतो' असतं. टिपणीत खेद कशाचा ते असतं. ही आद्याक्षरं कोणाची, याची यादी पहिल्या दिवसापासून वहीच्या मागच्या पानावर करत जा. मी चौथ्या दिवशी सुरू केली आणि आधीचे तीन दिवस वाया गेले. वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिलच न्यावी लागते. स्वतःच्या कॅमेऱ्यानं फोटो काढायला पैसे पडत नाहीत. फोटो काढताना वेष्टनाचा फोटो आधी काढा, नाहीतर घरी आल्यावर तीनशे फोटोंतली कुठली टिपणी कुठल्या तारेची, याचा पत्ता लागत नाही.

मी हाउन्सलोला मामेबहिणीकडं राहून नऊ दिवसांत काम उरकलं. पण लंडनला जाणं जमलं नाही म्हणून विषय सोडू नका. अमेरिकी परराष्ट्र खात्याचे छापील दस्तऐवजी खंड पूर्ण ऑनलाइन आहेत, १९४५ आणि १९४६ च्या खंडांत अल्बेनियाचं वेगळं प्रकरण आहे. कॉर्फू खटल्यातली निवेदनं, साक्षी, नकाशे असे पाच खंड न्यायालयाच्या संकेतस्थळावर आहेत. वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरनं तिरानातल्या कागदांचे अनुवादही उपलब्ध केले आहेत. एवढ्यावर चांगला प्रबंध होतो.

नऊ दिवसांनी मला कळलेली गोष्ट एका ओळीत सांगता येते: अल्बेनियाची फाइल ही मुळात ग्रीसची फाइल आहे. इटलीनं ७ एप्रिल १९३९ ला अल्बेनिया गिळला, राजा झोग पळाला आणि पुढं लंडनला आला. पोलंड, नॉर्वे, ग्रीस यांच्या परागंदा सरकारांना लंडननं मान दिला, झोगला नाही. तो खाजगी गृहस्थ म्हणून राहिला. कारण १९४० मध्ये इटलीनं अल्बेनियातूनच ग्रीसवर हल्ला केला होता, ग्रीस दोस्त होता आणि ग्रीसला दक्षिण अल्बेनिया, त्यांच्या भाषेत उत्तर एपिरस, हवा होता. डिसेंबर १९४२ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ, तिघांनी आठवड्याभरात अल्बेनियाच्या स्वातंत्र्याला पाठिंबा जाहीर केला. ही तीन निवेदनं शेजारी ठेवून वाचा. ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ईडननी संसदेत केलेल्या निवेदनात सीमांचा प्रश्न शांतता तहाच्या वेळी पाहू अशी पाचर आहे. ती पाचर अथेन्ससाठी होती.

मॉस्कोचंही तसंच, फक्त शेजारी वेगळा. १९४८ पर्यंत सोव्हिएत संघ अल्बेनियाशी बराचसा बेलग्रेडमार्फत, म्हणजे युगोस्लावियामार्फत, बोलत असे. सप्टेंबर १९४७ मध्ये कॉमिनफॉर्म हे कम्युनिस्ट पक्षांचं मंडळ स्थापन झालं, त्यात अल्बेनियाच्या पक्षाला बोलावणंसुद्धा नव्हतं. युगोस्लावियाचा टिटो आणि स्टालिन यांचं फाटलं तेव्हा होजा एका रात्रीत मॉस्कोचा लाडका झाला. पुढं १९६१ मध्ये मॉस्कोशी आणि १९७८ मध्ये पेकिंगशीही त्यानं फारकत घेतली, पण तो वेगळ्या प्रबंधाचा विषय आहे. हावरेपणा करू नका, वर्षं कमी घ्या.

वॉशिंग्टनची तऱ्हा वकिली. नोव्हेंबर १९४५ मध्ये मान्यता देण्यासाठी त्यांनी अटी घातल्या: खुल्या निवडणुका घ्या आणि १९३९ पूर्वीचे अमेरिकेशी केलेले करार अजून लागू आहेत असं लिहून द्या. तिरानाचं उत्तर असं की जागतिक करार मान्य, दोन देशांतले करार एकेक तपासून बघू. जोसेफ जेकब्स यांचं अमेरिकी शिष्टमंडळ तिरानात बसून होतं आणि वर्षभर हा पत्रव्यवहार चालला. नोव्हेंबर १९४६ मध्ये अमेरिकेनं माणसं परत बोलावली. झोगच्या काळातले जुने करार आणि नवं कम्युनिस्ट सरकार! वाचताना आधी हसू येतं. मग लक्षात येतं की दोघांनाही करारांशी फार घेणंदेणं नव्हतं.

माझी एक युक्ती उपयोगी पडेल. एका लांब कागदावर चार उभे रकाने आखा: लंडन, वॉशिंग्टन, मॉस्को-बेलग्रेड, तिराना. तारखा आडव्या. चौथा रकाना रिकामा राहायला लागला की समजा, तुम्ही मोठ्यांच्या चष्म्यातून बघताय. माझा तो मे ते ऑक्टोबर १९४६ जवळजवळ कोरा होता. १५ मे ला सारांदाच्या तोफांनी ओरायन आणि सुपर्ब या ब्रिटिश क्रूझरवर मारा केला, हे मी 'उद्दामपणा' म्हणून नोंदवलं होतं. मग तिरानाच्या बाजूची निवेदनं वाचली. ग्रीस स्वतःला अल्बेनियाशी युद्धात असल्याचं मानत होता (कागदोपत्री ही स्थिती १९८७ मध्ये संपली!), किनाऱ्यापासून कॉर्फू हाकेच्या अंतरावर, आणि लांबून येणारी युद्धनौका कुणाची हे तोफेमागच्या पोराला कसं कळावं? म्हणून मारा योग्य ठरत नाही. पण रकाना भरतो.

निकालही असाच वाचण्यासारखा आहे. सुरुंगांसाठी अल्बेनिया जबाबदार, ११ विरुद्ध ५. त्याच्या नकळत ते पेरले जाणं शक्य नव्हतं असं न्यायालय म्हणालं, पण पेरले कोणी हे ठरवलं नाही. २२ ऑक्टोबरला जहाजं गेली ते कायदेशीर, १४ विरुद्ध २. आणि १२-१३ नोव्हेंबरला ब्रिटननं परवानगीशिवाय सुरुंग काढले तो मात्र अल्बेनियाच्या सार्वभौमत्वाचा भंग, एकमतानं. एक्ससीयू या खुणेचे नौदलाचे गुप्त आदेश न्यायालयानं मागितले, ब्रिटननं दिले नाहीत. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला हमखास असतो. त्यामुळं या विषयाला दोन दारं आहेत. मी सध्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते आणि शेजारच्या विधी महाविद्यालयात या खटल्यावर व्याख्यानाला जाते. दुसऱ्या दारानं जास्त बोलावणी येतात, हे सांगून ठेवते.

आणि भाषा. अल्बेनियन नावं इंग्रजीवरून लिहू नका. मीही आधी 'होक्सा' लिहिलं होतं. त्यांच्या लिपीत एक्स आणि एच जोडून आले की 'जिल्ह्या'तला ज, नुसता एक्स आला की 'जाळ्या'तला ज. नुसता सी म्हणजे 'चुली'तला च, खाली शेपटी असलेला सी म्हणजे 'चिंचे'तला च. हिंदीवाल्या मैत्रिणीला हे समजावताना दमछाक झाली. आपल्याला जन्मतः येतं.

नुकसानभरपाईचा आकडा १५ डिसेंबर १९४९ ला ठरला: ८,४३,९४७ पौंड. त्यात सौमारेझचे ७,००,०८७, व्होलाजचे ९३,८१२ आणि मेलेल्या-जखमी झालेल्या माणसांचे ५०,०४८. ही बेरीज मी आण्णांना दाखवली, कारण त्यांना बेरजा तपासायला आवडतात. त्यांनी तपासली. मग विचारलं, "वसूल झाले?"

नाही, म्हटलं. अल्बेनियानं दिले नाहीत. मग १९४३ मध्ये जर्मनांनी रोममधून लुटलेलं अल्बेनियाच्या बँकेचं सोनं युद्धानंतर ब्रिटन, अमेरिका आणि फ्रान्सच्या ताब्यात आलं, ते अडकवून ठेवलं. त्यावर इटलीही न्यायालयात गेला. १९५४ मध्ये न्यायालय म्हणालं, अल्बेनिया समोर नसताना आम्ही ठरवू शकत नाही. १९९१ मध्ये संबंध जुळले, १९९२ मध्ये तडजोड झाली, अल्बेनियानं वीस लाख डॉलर द्यायचं कबूल केलं आणि १९९६ मध्ये दीड टनाहून जास्त सोनं परत गेलं.

आण्णांनी बोटांवर मोजलं. "शेहेचाळीस ते शहाण्णव. पन्नास वर्षं." आणि पेपर उघडत म्हणाले, "मग आमच्याकडच्या कुळकायद्याच्या केसेस काही फार लांबल्या नव्हत्या."