आभाळ उतरलंय? कोल्हापुरातून उड्डाण आखताना या चुका टाळा

जुलैतली एक सकाळ. उजळाईवाडी विमानतळाचा मेटार, म्हणजे हवामानाचा ताजा अहवाल, हातात आहे: दृश्यमानता ६००० मीटर, ढग ब्रोकन (अर्ध्याहून जास्त आभाळ झाकणारे), तळ १५०० फूट. विमानतळाभोवतीच्या कंट्रोल झोनमध्ये व्हीएफआर उड्डाणासाठी, म्हणजे डोळ्यांनी बाहेर बघत उडायला, ५ किलोमीटर दृश्यमानता आणि १५०० फुटांचं सीलिंग (अशा ढगाच्या तळाची उंची) लागतं. म्हणजे कागदावर सगळं बसतंय. शिकाऊ पायलट नकाशावर पन्हाळ्यावरून मलकापूरकडे रेघ ओढतो आणि मला दाखवतो. मी त्याला एकच विचारतो, "हे १५०० फूट कुठून मोजलेत?"

बहुतेक जण इथेच अडखळतात, आणि माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच आहे. मेटारमधली ढगांची उंची विमानतळाच्या जमिनीपासून असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. आपली धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर. म्हणजे क्यूएनएच लावलेल्या, समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरवर तो ढग ३५०० फुटांना भेटणार. जोतिबा आणि पन्हाळा तीन हजारांच्या आसपास उभे आहेत. डोंगरापासून किमान ५०० फूट राखायचे आणि वर ढगापासूनही अंतर ठेवायचं, तर मधे उडायला जागाच राहत नाही. सीलिंग १००० फुटांवर आलं की पन्हाळ्याचा तट ढगात जातो, आणि तेव्हा धावपट्टीवरून आभाळ अगदी उडण्याजोगं दिसत असतं.

म्हणून मार्गाच्या प्रत्येक टप्प्यासाठी दोनच आकडे लिहा: त्या पट्ट्यातली सगळ्यांत उंच जमीन आणि ढगाचा तळ, दोन्ही समुद्रसपाटीपासून. वजाबाकी करा. उरलेल्या फुटांत तुम्हाला दिवसभर उडायचंय. विमानतळाचं सीलिंग फक्त विमानतळाचं असतं. तिथले 'स्कॅटर्ड' ढग, म्हणजे आठांपैकी तीन-चार भाग, डोंगराला टेकले की तिथे आठही भाग भरतात.

कोल्हापूरचं आभाळ बघून गोव्याचा बेत आखणं

पावसाळ्यात पश्चिमेचा वारा कोकणातून दमट हवा आणतो, सह्याद्री ती वर ढकलतो, आणि घाटमाथ्यावर ढग जमिनीवरच लोळतो. शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस, घाटमाथ्यावरच्या गगनबावड्यात त्याच्या कितीतरी पट. अंतर जेमतेम पंचावन्न किलोमीटर. रंकाळ्यावर ऊन पडलेलं असताना करूळ घाटात हेडलाइट लावून गाड्या चालतात, हे इथल्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत आहे. पायलटने ते विसरून कसं चालेल? घाटात ढगाखालून जायला वाटच नसते.

याच चुकीचा जोडभाऊ म्हणजे बेळगावला अल्टरनेट, म्हणजे पर्यायी विमानतळ, धरणं. सांबरा शंभर किलोमीटरच्या आत आहे, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. पण ते विमानतळ आपल्याहून उंच, अडीच हजार फुटांच्या घरात, आणि याच घाटमाथ्याच्या कडेला. ज्या ढगाने कोल्हापूर बंद केलं तोच बऱ्याचदा बेळगावही बंद करतो. मला पावसाळ्यात पूर्वेचा पर्याय हवा असतो. सोलापूर हवाई अंतराने दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, सेसना १७२ला तास-सव्वा तास. पण जसजसं पूर्वेला जावं तसतसं आभाळ उघडत जातं आणि वाराही पाठीमागून असतो. तेवढं इंधन जास्त घेऊन निघा. त्यापायी एक माणूस कमी न्यावा लागला तरी चालेल.

"ऊन आलं की धुकं जाईल" असं धरून चालणं

डिसेंबर-जानेवारीची गोष्ट वेगळी. रात्री आभाळ निरभ्र, वारा पडलेला, पंचगंगेकाठी पाणी पाजलेले उसाचे फड. जमीन थंडावते, तिला लागलेली हवा दवबिंदूपर्यंत उतरते आणि धुकं धरतं. तापमान आणि दवबिंदू यांतला फरक दोन अंशांवर आला, वारा नाही, आणि उजाडायला दोन तास आहेत, तर सातचं उड्डाण तेव्हाच नऊवर ढकला.

सूर्य उगवल्यावर पहिली काही मिनिटं धुकं उलट दाट होऊ शकतं. ऊन पानांवरचं दव उडवतं, हलकी झुळूक थंड हवा ढवळते आणि पातळ थर जाड होतो. मग धुकं उचलतं, पण उचललं म्हणजे गेलं असं नाही. त्याचाच तीन-चारशे फुटांवरचा सपाट ढग होतो. अशा वेळी मेटारमधली दृश्यमानता झपाट्याने सुधारते आणि मुलं आनंदाने विमानाकडे धावतात. पुढचा ढगांचा आकडाही वाचा.

आणि पंचगंगेवरच्या शिरोलीच्या पुलावरून आलेला फोन म्हणजे विमानतळाचा मेटार नव्हे. नदी खाली आहे, उजळाईवाडी वरच्या माळावर. पूल धुक्यात बुडालेला असताना धावपट्टी स्वच्छ असते, आणि कधी नेमकं उलटं.

वरून धावपट्टी दिसली म्हणून उतरायला जाणं

हे मला फार काळजीचं वाटतं. पातळ धुक्यातून सरळ खाली बघताना नजर शे-दोनशे फुटांचाच थर पार करते, त्यामुळे धावपट्टी, तिच्यावरचे आकडे, सगळं लख्ख दिसतं. फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत शेवटच्या उतरणीवर आलात की तीच नजर त्याच थरातून तिरकी जाते, अर्धा ते सव्वा किलोमीटर. धावपट्टी नाहीशी होते, तीही जमीन अगदी जवळ आल्यावर. वरून काय दिसतं यावर निर्णय नको. टॉवरने सांगितलेली दृश्यमानता धरा, आणि फायनलवर धावपट्टी हरवली तर त्याच क्षणी गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर.

पहाटे उपग्रहाचं चित्र काळं दिसलं म्हणून निश्चिंत होणं

इन्सॅटचं इन्फ्रारेड चित्र तापमान दाखवतं: उंचावरचे थंड ढग पांढरे, उबदार जमीन काळी. धुकं आणि खालचा ढग जवळपास जमिनीइतकेच उबदार असतात, म्हणून ते रात्री त्या चित्रात उठून दिसतच नाहीत. पावसाचं रडारही धुकं दाखवत नाही. हवामान विभागाच्या ऑनलाइन ब्रीफिंगवर आसपासच्या विमानतळांचे मेटार एकाखाली एक लावा आणि दर अर्ध्या तासाला दवबिंदूचा फरक कसा घटतोय ते बघा. वेळा यूटीसीत, आपल्याहून साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेत, असतात. ०१३० म्हणजे आपले सकाळचे सात.

हवेत गेल्यावर "अजून थोडं पुढे बघू"

१९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणं बघून उडण्याची परवानगी) नसलेल्या वीस जणांना कृत्रिम ढगात घातलं. विमान हाताबाहेर जायला सरासरी १७८ सेकंद लागले. अनुभवी हातांनाही हे चुकत नाही. ८ डिसेंबर २०२१च्या कुन्नूर हेलिकॉप्टर अपघाताच्या चौकशीत, दरीतलं हवामान अचानक बदलून हेलिकॉप्टर ढगात शिरल्याचंच कारण पुढे आलं.

म्हणून परत फिरायची जागा जमिनीवरच ठरवा, आणि तिला नाव द्या. पश्चिमेला जाताना मी गगनबावड्याच्या वाटेवरचं कळे गाव धरतो. कळ्यावर पोचल्यावर पुढचा डोंगर स्पष्ट दिसत नसेल, तर तिथूनच माघारी. पुढे साळवणकडे दरी आवळत जाते, आणि १०० नॉटला (ताशी सुमारे १८५ किलोमीटर) स्टँडर्ड रेटचं, म्हणजे सेकंदाला तीन अंशांचं, अर्धं वळण एक मिनिट आणि सुमारे दोन किलोमीटर रुंदी मागतं. वळायचं त्या बाजूला, जिकडे जमीन खाली उतरते. ती बाजू कुठली, हे नकाशावर कळ्याच्या शेजारी बाण काढून आधीच लिहून ठेवा.