चारीच्या तळालगत पाणी कसं वाहतं, हे डोळ्यांनी कसं पाहावं?

जायकवाडीच्या कालव्याला पाणीपाळी सुटली की टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचा एकच प्रश्न असतो, पाणी आपल्या वावरात पोचणार कधी? गळती असते, वरचे लोक उपसाही करतात, हे खरंच. पण एक कारण चारीच्या, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या पाटाच्या, तळाशी, मिलिमीटरभर जागेत दडलेलं असतं आणि त्याकडे कुणी बघत नाही. भिंतीला टेकलेलं पाणी वाहत नाही, ते तिथेच थांबलेलं असतं. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली हायडलबर्गच्या परिषदेत हे मांडलं : भिंतीलगतच्या पातळ थरात वेग शून्यापासून वाढत जातो आणि घर्षणाचा सगळा खेळ त्याच थरात चालतो. प्रांटल हाताने चाक फिरवून हौदात पाणी खेळवत आणि त्यात चमकणारे बारीक कण सोडून प्रवाह बघत. आपणही तेच करू.

आधी घरी. मोत्यासारखी झाक असलेला हँडवॉश घ्या. वेष्टनावर ग्लायकॉल डिस्टिअरेट लिहिलेलं असेल तर उत्तम. एक भाग हँडवॉशला तीन-चार भाग पाणी घालून अगदी हळू ढवळा, फेस होऊ देऊ नका. काळ्या प्लास्टिकच्या घमेल्यात ओतून पाणी पूर्ण शांत होऊ द्या. यातले चपटे स्फटिक प्रवाहाच्या दिशेने आडवे-तिरपे होतात आणि उजेड तसा कमी-जास्त परततो. म्हणून बॅटरी वरून न धरता बाजूने धरा. आता घमेलं सावकाश थोडंसं फिरवा. कडेची पट्टी लगेच सरकते, मधलं पाणी जागचं हलत नाही. भिंतीची चाल पाण्यात कडेकडून आत शिरते, हे इथे स्वच्छ दिसतं.

मग खराट्याची एक हीर उभी धरून सेकंदाला चार-पाच सेंटिमीटर या वेगाने ओढा. मागे एक भोवरा डावीकडे, पुढचा उजवीकडे अशी रांग लागते. या रांगेला शास्त्रज्ञ फॉन कारमान यांचं नाव आहे. वेग गुणिले हिरीची जाडी भागिले पाण्याची गतिज श्यानता (श्यानता म्हणजे चिकटपणा, तो घनतेने भागला की गतिज श्यानता), हा रेनॉल्ड्स अंक. तो ५०च्या खाली गेला तर भोवरे सुटतच नाहीत, हीर फारच हळू ओढून खात्री करून घ्या.

खरी मजा चारीत आहे. मुख्य कालव्यावर जाऊ नका. अस्तराच्या उतारावर शेवाळ असतं, पाय घसरला तर वर येता येत नाही. घोट्याएवढ्या पाण्याची सिमेंटची चारी पुरे. एक पांढरी, गुळगुळीत, दोन फुटी टाईल घ्या. खायचा लाल रंग घट्ट डिंकात कालवून टाईलच्या मधोमध, प्रवाहाला आडवी, अगदी पातळ रेघ ओढा आणि वाळू द्या. पाळी यायच्या आधी टाईल तळात अशी बसवा की तिची कड वर राहणार नाही. कड वर आली तर तिचेच भोवरे दिसतील, तळाचे दिसणार नाहीत.

पाणी आलं की मोबाईलचं स्लो मोशन लावून वरून बघा. रंग सगळीकडे सारखा पसरत नाही. रेघेपासून खाली लांब, बारीक पट्टे निघतात, त्यात संथ पाणी गोळा झालेलं असतं. एखादा पट्टा थोडा नागमोडी होतो, तळापासून उचलला जातो आणि एकदम फुटतो. रंगाचा ढग वर जातो आणि त्याच्या जागी वरचं वेगवान पाणी खाली झेपावतं. मधल्या पाण्यातली खळबळ बव्हंशी इथूनच जन्मते. १९६७ साली स्टॅनफर्डमध्ये क्लाईन आणि सहकाऱ्यांनी हायड्रोजनच्या बुडबुड्यांनी हेच पट्टे दाखवले.

पट्ट्यांमधलं अंतर मोजा. पाण्याचा वेग सेकंदाला ३० सेंटिमीटर असेल, तर गुळगुळीत तळावर ते सरासरी पाच मिलिमीटरच्या आसपास यावं. सगळ्यात तळाचा, श्यानतेच्या ताब्यातला थर तर पाव मिलिमीटरचा. अंतर थोडं कमी-जास्त आलं तर गडबडू नका, हे पट्टे स्वभावतःच अनियमित असतात. दहा-बारा ठिकाणी मोजून सरासरी काढा.

वेग काढायला दहा मीटरवर खुणा करून मधून एक वाळलेलं पान सोडा आणि वेळ मोजा. हा पृष्ठभागाचा वेग झाला, त्याला ०.८५ ने गुणा, म्हणजे चारीचा सरासरी वेग साधारण कळतो.

हाच हिशेब गवताने भरलेल्या चारीत करून बघा. त्या पाव मिलिमीटरपुढे गवताची काडी डोंगराएवढी. प्रत्येक काडीमागे भोवरे सुटतात आणि पाण्याचा जोर त्यांना फिरवण्यातच खर्च होतो. चारीतल्या पाण्याचा वेग काढायच्या मॅनिंगच्या सूत्रात नीट सिमेंट केलेल्या चारीचा खडबडीतपणा ०.०१५च्या आसपास धरतात, गवत माजलेल्या मातीच्या चारीचा ०.०३ किंवा त्याहून जास्त. उतार आणि खोली तीच ठेवली तर वेग निम्म्यावर येतो. चारी साफ करण्याआधी आणि नंतर, गेटची उघडीक न बदलता, पाण्याची खोली आणि पान वाहायला लागलेला वेळ दोन्ही लिहून ठेवा. पाणी वापर संस्थेच्या बैठकीत साफसफाईचा विषय निघेल तेव्हा हे आकडे पुढे ठेवता येतील.