प्राणिजनांचे शहर कथेत कसे उभे करावे

माणसे आणि प्राणिजन, म्हणजे प्राण्यांच्या शरीराचे पण माणसांसारखे बोलणारे-वागणारे लोक, एकाच शहरात राहतात, एकाच गाडीने कामाला जातात आणि तरीही शेजारी बसताना अंग चोरतात, अशा जगाची कथा लिहायची असेल, तर सुरुवात प्राचीन युद्धापासून किंवा तहापासून करू नये. ती एका बाकापासून करावी. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याने कडेला टेकायचे, हा अलिखित नियम सर्वांना ठाऊक आहे. आता बायकांच्या डब्यात खिडकीशी बिबट्यांच्या कुळातील एक बाई बसली आहे, असे समजावे. तिने शेपूट मांडीवर गुंडाळून घेतले आहे, पंजे पर्सखाली झाकले आहेत, डबा खच्चून भरला आहे, दारात बायका लोंबकळत आहेत आणि त्या बाकावरची चौथी सीट तेवढी रिकामी आहे. कोणी कोणाला वावगे बोललेले नाही. वीतभर रिकाम्या जागेत तुमच्या जगाचे सगळे अवघडलेपण मावते, आणि ते तिथे दिसले की मागचा इतिहास वाचक स्वतःच विचारू लागतो.

त्यानंतरचे काम अभ्यासाचे आहे. दहा-बारा जाती घेऊ नयेत. दोन किंवा तीन पुरेत. प्रत्येक कुळासाठी वहीचे एक पान ठेवावे आणि त्यावर झोप, आहार, आवाज, वास, दृष्टी, गर्भकाळ आणि आयुर्मान एवढ्या गोष्टी खऱ्या प्राण्यावरून लिहून काढाव्यात. मग यातले काय माणसासारखे करायचे आणि काय प्राण्यासारखे राहू द्यायचे, ते ठरवावे. हा निर्णय एकदा झाला की मोडू नये.

बिबट्याचे पान घेऊ. तो एकांडा आहे, प्रामुख्याने रात्री हिंडतो, आणि पिल्ले साधारण दीड-दोन वर्षे आईबरोबर राहतात. डोळ्याच्या पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असल्याने अंधारात त्याचे डोळे चमकतात; म्हणजे वीज गेलेल्या जिन्यात शेजाऱ्याने मोबाइलचा टॉर्च लावला की आधी दोन हिरवट ठिपके दिसणार आणि मग ‘मी आहे, तिसऱ्या मजल्यावरची’ असा आवाज येणार. मांजरकुळाला गोड चव कळत नाही, कारण ती चव टिपणाऱ्या जिभेवरच्या ग्राहीचे जनुक या कुळात निकामी झालेले आहे. ही एक गोष्ट हाती आली की होळीचा प्रसंग आपोआप तयार होतो. शेजारच्या काकू कौतुकाने पुरणपोळी आणून देतात, बाई ती संपवते, ‘छान झाली आहे’ म्हणते, आणि प्रत्यक्षात तिला फक्त तुपाचा वास आणि डाळीचा पिठूळपणा जाणवलेला असतो. काकूंना हे पुढे कधीतरी कळले, तर त्यांना वाईट वाटेल की फसवल्यासारखे वाटेल? अशा प्रसंगाला खलनायक लागत नाही, आणि माझ्या मते या प्रकारच्या कथेची खरी ताकद त्यातच आहे.

शरीरावरून थेट कायद्यापर्यंत जावे. आपल्याकडे मतदानाचे वय १९८९ पासून १८ वर्षे आहे. कुत्र्यांच्या कुळातील लोक कुत्र्याइतकेच, म्हणजे साधारण दहा ते तेरा वर्षे जगतात असे ठरवले, तर त्यांची पिढीच्या पिढी मत न देता जाईल. आयुर्मान माणसाएवढे करावे, किंवा मग हा अन्याय कथेच्या केंद्रात आणावा. दोन्ही टाळून पुढे जाता येत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूतीची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, पण हत्तिणीचा गर्भकाळ सुमारे २२ महिन्यांचा असतो. हत्तींच्या कुळातील शिक्षिकेने रजेचा अर्ज केला, तर मुख्याध्यापक कोणत्या नियमावर बोट ठेवतील? संविधानाच्या अनुच्छेद १४ मध्ये कायद्यापुढील समानता ‘व्यक्ती’ला दिलेली आहे, आणि अनुच्छेद १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे, कुळ किंवा प्रजाती हा शब्द तिथे नाही. ‘वंश’ या शब्दाचा अर्थ किती ताणता येतो, यावर तुमच्या कथेतला वकील आयुष्य घालवू शकतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बिबट्याचे नाव आहे. रस्त्यावर या बाईवर हल्ला झाला, तर गुन्हा पोलीस ठाण्यात नोंदवायचा की वनखात्याकडे, हा प्रश्न एका रात्रीची कथा सहज पेलून धरतो.

स्थळ निवडताना परका भूगोल उसना आणण्याची गरज नाही. मुंबईला लागून सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे बिबटे आहेत आणि त्यांच्या वाटेला इमारतींच्या भिंती भिडलेल्या आहेत. ठाणे-पालघरच्या पट्ट्यात वारली लोक शेंदूर लावलेल्या वाघोबाला पुजतात, आणि दिवाळीच्या तोंडावर, वसुबारसेच्याच दिवशी, अनेक आदिवासी पाड्यांवर वाघबारस असते. भीती आणि आदर एकाच देवळात ठेवण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे, म्हणून कथेतले नवे नाते तिच्याशी जोडून पाहावे. मात्र पूज्यभावही अवघड असतो, हे विसरू नये. हत्तींच्या कुळातील एखादा माणूस भाद्रपदात रस्त्याने निघाला, तर लोक त्याच्या पाया पडतील, आणि तोच माणूस पुढच्या महिन्यात भाड्याची खोली बघायला गेला, तर जिना अरुंद असल्याचे सांगून त्याला परत पाठवतील.

भाषेवर मात्र सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण मराठी इथे लेखकाला फार मोठी देणगी देते. मांजर, गाढव, माकड, डुक्कर, हरीण हे सगळे शब्द नपुंसकलिंगी आहेत. मांजरकुळातील एक कारकून कार्यालयात शिरतो. शिपाई आत जाऊन ‘ते आले’ म्हणाला, तर तो आदर झाला. ‘ते आलं’ म्हणाला, तर तोच माणूस वस्तू झाला. प्रमाण लेखनात दोन्हीकडे ‘ते आले’ असेच लिहिले जाते, त्यामुळे कागदावर अपमान दिसत नाही आणि कानाला तो लगेच टोचतो. म्हणून संवाद बोलीत लिहावेत, नोटिसा आणि पत्रे प्रमाण भाषेत लिहावीत, आणि दोहोंमधल्या फटीत पात्रांना उभे करावे. निवेदनात ‘नर’ आणि ‘मादी’ हे शब्द कटाक्षाने टाळावेत. ते कोणाच्या तोंडी घालायचे, हे ठरवणे म्हणजे त्या पात्राचा स्वभाव ठरवणे होय. ‘गाढवाला गुळाची चव काय’ ही म्हण बैठकीत सहज बोलली गेली आणि टेबलाच्या टोकाला गाढवकुळातील लेखापाल बसला असेल, तर त्या क्षणी कोण कोणाकडे पाहते, ते लिहावे. भाडेकराराच्या कागदावर घरमालकाचे आडनाव वाघमारे असू शकते. ‘माणुसकी’ला प्राणिजन काय म्हणतात, याचेही उत्तर तयार ठेवावे.

आहाराचा प्रश्न लवकर मिटवावा. या जगात न बोलणाऱ्या शेळ्या-कोंबड्याही आहेत का? असतील, तर शेळीकुळातील मुलगी शाळेला जाताना मटणाच्या दुकानावरून कशी जाते? नसतील, तर बिबट्या-बाई काय खाते? वाचक हे तिसऱ्या पानापर्यंत विचारतोच.

आता ज्या ठिकाणी चांगले लेखकही घसरतात, ती गोष्ट. प्राणिजन म्हणजे अमुक समाज, असे समीकरण मांडू नये. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी पिता येत होते आणि अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना येत नव्हते. नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव कागदावर झालेला असूनही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह तिथे जाऊन पाणी प्यावे लागले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. ज्यांना जनावराहून खाली लेखले गेले, त्यांचे दुःख जनावराच्या मुखवट्यातून सांगणे हा त्यांचा पुन्हा एकदा केलेला अपमान ठरतो. दुसरी अडचण तर्काची आहे. बिबट्याच्या पंज्याला खरोखरच नखे असतात. माणसा-माणसांतल्या भेदभावामागे असे कोणतेही खरे कारण कधीच नव्हते. समीकरण मांडले की पूर्वग्रहाला नकळत पुरावा मिळतो. महाडवरून शिकायचेच असेल, तर ठराव होणे आणि पाणी मिळणे यांत किती अंतर असते, ते शिकावे आणि आपल्या शहरातल्या प्रत्येक नियमाला तेवढे अंतर द्यावे.

पहिला खर्डा झाल्यावर एक कसोटी लावावी. सर्व प्राणिजनांच्या जागी माणसे घालून कथा वाचावी. काहीच बिघडले नाही, तर शरीर कथेत उतरलेले नाही, आणि वहीतल्या पानाकडे परत जायला हवे. संवाद मोठ्याने वाचून पाहावेत, शक्य असल्यास दुसऱ्याकडून वाचून घ्यावेत. चौथ्या सीटवर कोणाला बसवायचे, हे मात्र शेवटच्या खर्ड्यापर्यंत ठरवू नये. बसवलेच, तर तिला उदार हृदयाची करू नये. दिवसभर उभ्याने काम केल्याने तिचे पाय दुखत असावेत, तिने पिशवी मांडीवर घ्यावी आणि ‘जरा सरकता का’ एवढेच म्हणावे.