स्टोमा दुखत नाही, म्हणून त्याच्याकडे बघायचं

मी स्टोमा नर्स आहे. स्टोमा म्हणजे ऑपरेशन करून पोटावर आणलेलं आतड्याचं तोंड; त्यातून येणारा मल वर लावलेल्या पिशवीत जमतो. पिशवी बदलताना बरेच जण तोंड फिरवतात आणि सगळं बायकोवर नाहीतर मुलावर सोपवतात. सुरुवातीला ठीक आहे. पण स्टोमा म्हणजे आतड्याचंच अस्तर, चिमटा काढला तरी त्याला कळत नाही. बिघाड डोळ्यांनीच पकडायचा.

आधी रंग. लालसर, ओला, चकचकीत असेल तर उत्तम. पुसताना किंचित रक्त आलं तर ओल्या मऊ कापडानं हलकेच दाबून धरा, थांबतं. जांभळा, काळपट पडला तर रक्तपुरवठा बिघडलेला असू शकतो. सकाळपर्यंत थांबू नका, तडक दवाखाना गाठा. रक्त थांबतच नसेल किंवा मलाबरोबर आतून येत असेल, तरीही.

त्वचेला मात्र सगळं जाणवतं. प्लेटखाली, म्हणजे पिशवीच्या कातडीला चिकटणाऱ्या चकतीखाली, खाज किंवा जळजळ सुरू झाली, म्हणजे बहुतेक वेळा गळती झालेली असते. वरून चिकटपट्टी मारून दिवस ढकलणं हा माझ्या मते सगळ्यात वाईट उपाय. इलिओस्टॉमीच्या, म्हणजे लहान आतड्यापासून काढलेल्या स्टोमाच्या, पातळ मलात पाचकरस असतात, ते कातडी खातात. प्लेट काढा, कोमट पाण्यानं धुवा, टिपून कोरडं करा. ओलसर लाल भागावर स्टोमा पावडर भुरभुरवा आणि जास्तीची झटकून टाका, नाहीतर प्लेट धरत नाही. तेल, क्रीम अजिबात नको.

मग स्टोमाचं माप घ्या. ऑपरेशननंतर ६ ते ८ आठवडे स्टोमा आकसत जातो, आणि लोक पहिल्या दिवशीच्याच मापानं प्लेटचं भोक कापत राहतात! स्टोमा आणि भोकाची कड यांत २-३ मिलिमीटरच जागा हवी. स्टोमा आत ओढला गेला असेल तर सपाट प्लेट टिकत नाही, कॉन्व्हेक्स, म्हणजे कातडीच्या बाजूला फुगीर असलेली, लागते. ती नर्सला दाखवूनच निवडा. पिशवी निम्मी भरायच्या आत रिकामी करा.

इलिओस्टॉमी असेल तर काय बाहेर पडतं तेही मोजा. स्थिरावल्यावर दिवसाला साधारण ५०० ते १००० मिली. १५०० च्या वर जाऊ लागलं, लघवी कमी आणि गडद झाली, उठताना चक्कर आली, की पाणी आणि मीठ दोन्ही चाललंय. अशा वेळी नुसतं पाणी ढोसलं तर आणखी मीठ वाहून जातं. ओआरएस घोट-घोट घ्या, डॉक्टरांना कळवा.

याउलट, काही तास काहीच आलं नाही आणि पोटात कळा आल्या तर प्लेट काचत नाही ना ते बघा, गुडघे पोटाशी घेऊन पडा, स्टोमाभोवती हलकेच चोळा. खाणं बंद ठेवा. जुलाब व्हायचं (रेचक) औषध घेऊ नका. उलटी झाली किंवा ४-६ तासांत सुटलं नाही, तर इस्पितळ. मका, मशरूम, सुका मेवा न चावता गिळला की असं अडकू शकतं.

उभं राहिल्यावर स्टोमाशेजारी फुगवटा दिसला तर तो हर्निया असू शकतो. जड उचलू नका, खोकताना हाताचा आधार द्या, पोटाला आधार देणारा पट्टा मापानंच घ्या. आतडं सोंडेसारखं बाहेर आलं तर आडवं पडा, थंड ओला कपडा ठेवा. रंग चांगला असेल तरी त्याच दिवशी दाखवा.

आणि पिशवीत गोळी अख्खी सापडली, तर ती लागू पडलेली नसू शकते. परस्पर दुसरी घेऊ नका किंवा कुटून खाऊ नका, डॉक्टरांकडून औषधाचा प्रकार बदलून घ्या.