चुली तीन, देव एकच

बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात बीएला समाजशास्त्र घेतलं तेव्हा घरी एकच प्रश्न होता, "म्हणजे पुढे करणार काय?" तो प्रश्न तुम्हालाही पडेल, चालायचंच. मला सांगायचंय ते वेगळं आहे. पहिल्या सहामाहीत व्याख्या घोकत बसू नका.

मी घोकल्या. कॉम्तने 1838 मध्ये या शास्त्राला नाव दिलं, दुर्खीमचा आत्महत्येवरचा ग्रंथ 1897 चा, सगळं तोंडपाठ. मग गृहपाठ मिळाला: ओळखीच्या एका घरी जा आणि कुटुंब एकत्र की विभक्त ते लिहून आणा. हातचा मळ वाटला. दांडिया बाजारात आमच्या चुलतकाकूंचा वाडा आहे, तिथे गेले. चहा झाल्यावर वही उघडून विचारलं. काकू म्हणाल्या, "अगं, चुली तीन आहेत. पण देव एकच." गणपती, कुळाचार, घरपट्टी, आत्याबाईंचं माहेरपण सगळं एकत्र, भाजी-आमटी मात्र ज्याची त्याची. माझ्या वहीत रकाने दोनच. खाडाखोड करून शेवटी 'विभक्त' लिहिलं. सरांनी वाचलं आणि विचारलं, "गॅस मोजून ठरवलंस?"

मग कळलं, की याच गुंत्यावर आय. पी. देसाई यांनी काम केलं होतं, आणि ते आमच्याच विभागात शिकवायचे! एका छपराखाली राहणं म्हणजेच एकत्र कुटुंब नव्हे. वेगळं राहूनही मालमत्ता, कार्यं, जबाबदाऱ्या सामाईक असू शकतात, एकत्रपणा कमी-जास्त असतो, असा त्यांचा मुद्दा. सौराष्ट्रातल्या महुवा गावाच्या पाहणीवरचं त्यांचं पुस्तक 1964 चं. 1951 मध्ये इथे प्राध्यापक म्हणून आलेले एम. एन. श्रीनिवास आणि देसाई, दोघेही मुंबईत समाजशास्त्रज्ञ जी. एस. घुर्ये यांचे विद्यार्थी. 'संस्कृतीकरण', म्हणजे खालच्या मानलेल्या जातींनी वरच्यांच्या चालीरीती उचलणं, हा श्रीनिवासांचा शब्द तर तुम्हाला पहिल्या महिन्यातच भेटेल.

वर्ग इंग्रजीत चालतात, मैत्रिणी गुजरातीत बोलतात, आपण मनात मराठीत. याची भीती मला फार होती, उगाचच. प्रत्येक संज्ञेपुढे घरात ऐकलेलं एक वाक्य लिहायला लागले. 'एंडोगॅमी', म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, त्यापुढे आजीचं वाक्य: "स्थळ आपल्यातलंच आहे ना?" बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या आंबेडकरांनी 1916 च्या निबंधात जातीचं मर्म म्हणून याच अंतर्विवाहावर बोट ठेवलं होतं. ते वाचल्यावर आजीच्या त्या प्रश्नाला नेहमीसारखं हसता येईना.

परीक्षेसाठी जुन्या प्रश्नपत्रिका पुरतात, त्यात विशेष सांगण्यासारखं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन पुन्हा वाड्यात गेले. या वेळी एकत्र-विभक्त काढलंच नाही. "लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून कोणाकोणाची नावं घालता?" एवढंच विचारलं. काकूंनी कपाटावरून पत्रिकांचा गठ्ठाच उतरवला आणि वरची धूळ पदराने पुसली.