पीजीच्या थेसिसमध्ये या चुका टाळा, निदान मास्टर चार्ट तरी नीट ठेवा

थेसिस सबमिशन जवळ आलं की थर्ड इयरचे पीजी (मेडिकलचे पोस्ट-ग्रॅज्युएट विद्यार्थी) ॲनालिसिससाठी लॅपटॉप घेऊन आमच्या डिपार्टमेंटला येतात. दरवर्षी चेहरे नवीन पण चुका त्याच, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. एमडी-एमएसवाल्यांसाठी लिहितोय, पण एमपीटी (फिजिओथेरपी) आणि एमएस्सी नर्सिंगवाल्यांनीही वाचा.

सगळ्यात जास्त वाट लागते ती मास्टर चार्टची, म्हणजे सगळ्या पेशंटची माहिती असलेल्या एक्सेलच्या तक्त्याची. मेडिसिनचा एक रेसिडेंट होता, विषय सर्पदंश, पोरगा मेहनती, रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीत उभं राहून केसेस घेतलेल्या. चार्ट बघताना मला ड्राय बाईटच्या (साप चावला पण विष गेलं नाही अशा) पेशंटपुढे एएसव्हीच्या (सापाच्या विषावरच्या औषधाच्या) 20 व्हायल्स दिसल्या, आणि ज्याचं रक्त 20 मिनिटांनीही गोठलं नव्हतं, म्हणजे विष चढलेलं होतं, त्याच्यापुढे शून्य! झालं होतं असं की याने फक्त व्हायल्सचा कॉलम सिलेक्ट करून सॉर्ट मारला, एक्सेलने विचारलं बाकीचे कॉलम पण सोबत हलवू का, याने घाईत नाही म्हटलं आणि फाईल सेव्ह केली. बॅकअप नाही, कागदावर प्रोफॉर्मा (एकेका पेशंटच्या माहितीचा फॉर्म) भरलेलाच नाही कारण सगळं थेट मोबाईलवर टाईप केलेलं. मग रेकॉर्ड रूममध्ये बसून एकेक केस पेपर शोधला, काही मिळालेच नाहीत, त्या केसेस सोडाव्या लागल्या. विष अंगात असताना त्या माणसांनी कन्सेंटवर अंगठा दिला होता हो, मला त्याचं जास्त वाईट वाटतं.

माझी पद्धत साधी आहे. पेशंट समोर असतानाच पेनाने प्रोफॉर्मा भरायचा, त्यावर आयपीडी (भरतीचा) नंबर, त्याच रात्री एंट्री, आणि दर रविवारी तारीख टाकून वेगळी कॉपी. एका खान्यात एकच आकडा. बीपी 130/80 एकत्र लिहिलंत तर त्याचा मीन (सरासरी) निघणार नाही, आणि मसल पॉवर 4/5 टाईप केलं की एक्सेल त्याची सरळ तारीख करून टाकतं. सिव्हिअर केसेस पिवळ्या रंगाने रंगवू नका, सॉफ्टवेअरला रंग कळत नाही, वेगळा कॉलम करा.

दुसरी चीड येणारी गोष्ट म्हणजे सीनियरच्या थेसिसमधून सँपल साईझ (अभ्यासात किती पेशंट घ्यायचे तो आकडा) उचलणं. आधी 84 ठरवायचं आणि मग फॉर्म्युला बसवायचा. 4पीक्यू भागिले डी वर्ग (पी म्हणजे प्रिव्हलन्स, आजार किती टक्के लोकांत आहे ते; क्यू म्हणजे 100 वजा पी; डी म्हणजे चालणारी एरर), प्रिव्हलन्स 30 टक्के धरला तर 5 टक्के एररला 336 येतात आणि 10 टक्क्यांना 84, म्हणून सगळे 10 घेतात, का घेतलं विचारलं तर उत्तर नाही. अरे, विषय घ्यायच्या आधी वॉर्डातलं रजिस्टर उघडून महिन्याला किती केसेस येतात ते मोजा ना! गाईडने हो म्हटलं म्हणून पेशंट वाढत नाहीत.

ट्रायल (उपचाराची चाचणी) असेल तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआय (भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सची नोंदवही) रजिस्ट्रेशन, 1 एप्रिल 2018 पासून नंतर करून चालत नाही. एथिक्स कमिटीची मंजुरी यायच्या आधी एकही केस घेऊ नका. कन्सेंट फॉर्म पेशंटला कळेल अशा मराठीत. रेफरन्सेस पहिल्या दिवसापासून झोटेरोत (रेफरन्सेस सांभाळायचं सॉफ्टवेअर) टाका. थेसिस परीक्षेच्या किमान 6 महिने आधी द्यायचा असतो, त्यामुळे शेवटच्या टर्मला बघू हे डोक्यातून काढा.

आणि ॲनालिसिससाठी याल तेव्हा प्रोफॉर्म्यांचा गठ्ठा सोबत आणा. मी मधूनच कुठलेही पाच-दहा काढून चार्टशी ताडून बघतो, जुळले तरच पुढचं काम.