कुत्र्याबरोबर चित्रीकरण करताना

पटकथेत ‘कुत्रा धावत येतो, मालकाकडे पाहतो आणि दारापाशी बसून राहतो’ हे वाक्य लिहायला अर्धे मिनिट पुरते. सेटवर मात्र त्यात किमान तीन स्वतंत्र कृती दडलेल्या असतात आणि बहुधा त्या तीन स्वतंत्र शॉटमध्येच मिळतात. म्हणून दिग्दर्शकाने कुत्र्याचे प्रत्येक दृश्य आधी अशा सुट्या कृतींत फोडावे आणि ती यादी चित्रीकरणाच्या काही आठवडे आधी प्रशिक्षकाच्या हाती द्यावी. बसणे, थांबणे किंवा खुणेवर भुंकणे प्रशिक्षित कुत्र्याला आधीच येत असते. पण एखादी वस्तू तोंडात धरून ठरावीक माणसाच्या पायाशी नेऊन ठेवणे त्याला नव्याने शिकवावे लागते. नटांची निवड करतानाच त्यांना कुत्र्याची भीती किंवा ॲलर्जी आहे का, हे विचारून घ्यावे. हा प्रश्न पहिल्या टेकच्या वेळी उपस्थित होणे फार महागात पडते.

सर्वांत मोठी अडचण नजरेची असते. पडद्यावर कुत्रा नायकाकडे प्रेमाने पाहत असतो, तेव्हा प्रत्यक्षात तो बहुधा नायकाच्या खांद्यामागे उभ्या असलेल्या प्रशिक्षकाच्या हातातल्या खाऊकडे पाहत असतो. त्यामुळे कॅमेरा कुठे ठेवायचा याबरोबरच प्रशिक्षक कुठे उभा राहणार, हेही तेव्हाच ठरवावे. प्रकाशयोजना पूर्ण झाल्यावर त्याला जागा शोधू लागलात, तर त्याची सावली तरी चौकटीत येते किंवा कुत्र्याची नजर तरी चुकते. कुत्र्याला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायचे असेल, तर दोन प्रशिक्षक लागतात: एक त्याला सोडणारा, दुसरा बोलावणारा. थांबण्याच्या जागेवर लाल चिकटपट्टी लावण्याची आपली सवय इथे कामाची नाही, कारण कुत्र्याला लाल आणि हिरवा हे रंग नीट वेगळे करता येत नाहीत. त्याऐवजी गवतात किंवा गालिच्याखाली लाकडाची पातळ फळी ठेवून तिच्यावर पुढचे पाय टेकायला त्याला शिकवतात. पायांना जाणवणारी ही खूण डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेपेक्षा अधिक भरवशाची ठरते.

ध्वनीचा प्रश्न यातूनच उद्भवतो. नट संवाद म्हणत असताना प्रशिक्षकाने तोंडी आज्ञा दिली, तर तो टेक ध्वनिमुद्रकाच्या दृष्टीने वाया जातो. म्हणून संवाद असलेल्या दृश्यांसाठी कुत्र्याला केवळ हाताच्या खुणांवर तयार करून घ्यावे. जिथे ते शक्य नसेल, तिथे कुत्र्याचे शॉट संवादाविना वेगळे घ्यावेत. क्लॅपचा, म्हणजे टेकच्या सुरुवातीला पाटीची फळी आपटण्याचा, कोरडा आवाज अनेक कुत्र्यांना दचकवतो, तेव्हा क्लॅप टेकच्या शेवटी पाटी उलटी धरून द्यावा. ‘ॲक्शन’ हा शब्दही मोठ्याने उच्चारू नये, कारण हुशार कुत्रा दोन-तीन टेकमध्येच तो शब्द ओळखू लागतो आणि नटाचे वाक्य सुरू होण्यापूर्वीच धाव घेतो. माणसाला साधारण 20,000 हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर कुत्र्याला सुमारे 45,000 हर्ट्‌झपर्यंतचे. म्हणून आपल्याला शांत वाटणारा सेट त्याच्यासाठी शांत असेलच असे नाही. गोळीबाराचा किंवा फटाक्यांचा आवाज तर त्याच्यासमोर कधीच करू नये. तो नंतर ध्वनिपट्टीवर चढवता येतो.

टेकची पुनरावृत्ती बेतानेच करावी. फोकस चुकला म्हणून आपण पुन्हा टेक घेतो, पण कुत्र्याला फोकस म्हणजे काय हे ठाऊक नसते. बक्षीस न देता तीच कृती पुन्हा करायला लावली, तर आपलेच काहीतरी चुकले असे समजून तो दुसरेच काही करून पाहतो. म्हणून टेक कोणत्याही कारणाने फुकट गेला असला, तरी कुत्र्याने त्याचे काम केले असेल तर त्याला खाऊ मिळालाच पाहिजे. तांत्रिक तालीम त्याच्याच उंचीची एखादी बाहुली ठेवून उरकावी आणि कुत्रा आल्यावर पहिली तालीमसुद्धा चित्रित करावी. माझ्या अनुभवात उत्तम टेक बहुधा पहिल्या तिनांतच असतो. भरपेट जेवलेला कुत्रा खाऊसाठी काम करत नाही, हे लक्षात घेऊन त्याच्या जेवणाची वेळ कॉलशीटवर (दिवसाच्या कामाच्या वेळापत्रकावर) लिहावी.

राग दाखवण्यासाठी कुत्र्याला खरोखर चिडवणे क्रूर तर आहेच, शिवाय नटाच्या जिवाशी खेळ आहे. खुणेवर भुंकायला शिकवलेला कुत्रा आनंदाने शेपूट हलवत भुंकतो, तेव्हा चौकट चेहऱ्यापुरती ठेवावी आणि गुरगुर नंतर जोडावी. मेलेल्या कुत्र्याच्या दृश्यात पोटाची हालचाल लपत नाही. तिथे शॉट अगदी छोटा ठेवावा किंवा बाहुली वापरावी. त्याला स्थिर ठेवण्यासाठी गुंगीचे औषध देण्याचा विचारही मनात आणू नये.

उष्णतेकडे विशेष लक्ष द्यावे. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच शरीर थंड ठेवतो आणि प्रखर दिव्यांखाली ते त्याला पुरत नाही. डांबरी किंवा दगडी जमिनीवर तळहाताची मागची बाजू सात-आठ सेकंद टेकवता येत नसेल, तर तिथे कुत्र्याला उभे करू नये. धापा टाकण्याचा सलगतेशीही, म्हणजे लागोपाठचे शॉट एकमेकांशी जुळण्याशीही, संबंध आहे: एका शॉटमध्ये जीभ बाहेर आणि लगेच पुढच्या शॉटमध्ये तोंड मिटलेले असेल, तर संकलक हतबल होतो. सेटवरच्या माणसांनी कुत्र्याला परस्पर कुरवाळू नये आणि खायला देऊ नये, अशी सूचना सकाळीच द्यावी. चॉकलेट, द्राक्षे व मनुका त्याच्यासाठी विषारी असतात.

दिवसाचे काम संपले तरी कुत्र्याला लगेच गाडीत बसवू नये. तो फार थकलेला नसेल, तर डावीकडे, उजवीकडे, वर आणि थेट कॅमेऱ्याजवळ पाहतानाचे काही सेकंदांचे क्लोजअप घ्यावेत, तसेच धापांचा, नखांचा आणि पाणी पिण्याचा आवाज वेगळा मुद्रित करावा. संकलनाच्या टेबलावर अर्धवट राहिलेली दृश्ये बहुधा याच तुकड्यांनी जुळतात.